वरच्या चार ओळी पुसू नका

परभणीत वसमत रोडवर उभे राहा किंवा नानलपेठेत, कुणाच्याही हातातला अँड्रॉइड फोन मागून घ्या आणि सेटिंग्ज उघडा. अगदी तळाला ‘फोनविषयी’ असा भाग असतो, त्यात कायदेशीर माहिती, आणि त्या माहितीत ओपन सोर्स परवान्यांची यादी. बोटाने सरकवत राहिलात तरी ती लवकर संपत नाही. एखाद्या लायब्ररीचे नाव, खाली कॉपीराइट, वर्ष, कुणाचे तरी नाव, आणि मग इंग्रजीतला लांबलचक मजकूर; तो संपला की पुढची लायब्ररी. फोन घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ही पाने कधी उघडली असतील. तरी फोन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला ती ठेवावी लागतात, कारण ती काढली तर ज्या कोडावर तिचा फोन चालतो तो कोड वापरण्याचा तिचा हक्कच जातो.

ही पुस्तिका त्या न वाचल्या जाणाऱ्या पानांविषयी आहे. परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर, पाथरीच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणारी मुले आणि मोंढ्यातल्या आडत दुकानांना, पतसंस्थांना, शाळांना छोटी सॉफ्टवेअर लिहून देणारी तरुण मंडळी मनात धरून ती लिहिली आहे. ही मंडळी कष्टाळू आहेत आणि जिथे मिळेल तिथून शिकतात. त्यांच्या कामात मला सतत एक गोष्ट दिसते. दुसऱ्याची फाइल घेतली की पहिल्यांदा कात्री लागते ती तिच्या डोक्यावरच्या चार ओळींना. ‘या ओळींनी प्रोग्राम चालत नाही, मग कशाला ठेवायच्या’ असे सरळ उत्तर मिळते. वाईट हेतू त्यात बहुधा नसतोच. त्या ओळी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते एवढेच.

सुरुवात ‘फुकट’पासून करू. इंटरनेटवर कोड उघडा पडलेला दिसतो, पैसे मागत नाही, म्हणजे तो कुणाचाच नाही, असा समज घट्ट बसला आहे. कायदा नेमके उलटे सांगतो. भारताचा कॉपीराइट कायदा 1957चा आहे, आणि 1984च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामही त्यात साहित्यकृती म्हणून धरला गेला. कवितेला जे संरक्षण, तेच गंगाखेडच्या एखाद्या मुलीने रात्री बसून लिहिलेल्या दोनशे ओळींना. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहावेही लागत नाही. लिहिले, त्या क्षणी हक्क आला, आणि तो लेखकाच्या हयातीनंतर आणखी 60 वर्षे टिकतो. बर्न करारामुळे परदेशी लेखकालाही आपल्याकडे हेच संरक्षण आहे. तेव्हा गिटहबवर ज्या प्रकल्पाला परवान्याची फाइलच नाही, तो सगळ्यांत मोकळा, असे मुळीच नाही. तो सगळ्यांत बंद. पाहायची मुभा आहे, उचलून आपल्या कामात घालायची नाही.

परवाना हे कुलूप उघडतो. लेखक सांगतो: घ्या, बदला, विका, माझी हरकत नाही, फक्त एवढे करा. हे ‘एवढे करा’ म्हणजेच त्या कोडाची किंमत. एमआयटी परवाना जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा आहे आणि त्यात वापरणाऱ्यावर घातलेली अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत, किंवा कोडाचा मोठा भाग घेतला असेल तर त्या भागासोबत, जसाच्या तसा राहिला पाहिजे. कुणी वर्षभर खपून केलेले काम आपल्याला मिळते आणि बदल्यात चार ओळी सांभाळायच्या असतात. माझ्या माहितीत याहून स्वस्त सौदा नाही. आणि तेवढेही ज्याने दिले नाही, त्याने परवानगीशिवायच वापर केला असे होते. या पुस्तिकेत मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच. बाकी सगळा तपशील आहे.

पण तपशीलच कामाचा असतो, म्हणून एक खटला जरा सविस्तर सांगतो. कॅलिफोर्नियात रॉबर्ट जेकबसन नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. खेळण्यातल्या आगगाड्या संगणकावरून चालवण्याचा त्यांना छंद. त्यांनी आणि जगभरच्या छंदिष्टांनी मिळून ‘जेएमआरआय’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि ‘आर्टिस्टिक’ नावाच्या परवान्याखाली सर्वांना मोकळा केला. या छोट्या इंजिनांत एक चिप असते, आणि कुठल्या कंपनीच्या चिपला कसे बोलायचे याच्या शेकडो फाइली या मंडळींनी एकेक करून तयार केल्या होत्या. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या फाइली आपल्या विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये घातल्या. घालताना लेखकांची नावे गेली, कॉपीराइटच्या ओळी गेल्या, परवान्याच्या फाइलीचा उल्लेख गेला, मूळ कोठून घेतले ते गेले आणि आपण काय बदलले याची नोंदही राहिली नाही. जेकबसन न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाचे म्हणणे पडले की परवाना मोडला तर तो फार तर करारभंग, कॉपीराइटचा भंग नव्हे. म्हणजे मनाई हुकूम नाही, आणि फुकट दिलेल्या वस्तूच्या करारभंगाला नुकसानभरपाई तरी कसली मागणार? 13 ऑगस्ट 2008 रोजी अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने हे मत फिरवले. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाला त्यातून काहीच मिळत नाही असे नाही, असे त्याने म्हटले. नाव पोचते, मूळ प्रकल्पाचा पत्ता पोचतो, त्या पत्त्यावरून नवे लोक येऊन प्रोग्राम सुधारतात. नाव आणि परवाना जपण्याची अट ही परवानगीचीच अट आहे. ती मोडली तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही तर तो कॉपीराइटचा भंग. 2010 मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झर यांनी एक लाख डॉलर देण्याचे कबूल केले. खेळण्यातल्या आगगाडीच्या फाइलींवरून झालेल्या या निकालाने जगभरच्या ओपन सोर्स लेखकांच्या पायाखाली जमीन आली.

भारतात असा गाजलेला निकाल नाही, म्हणून आपल्याकडे चालून जाते, असे कुणी म्हणेल. आपला कायदा या बाबतीत अजिबात सैल नाही. कलम 57 लेखकाला त्याचे लेखकपण सांगण्याचा हक्क देते, आणि कॉपीराइट विकून टाकला तरी तो हक्क लेखकाकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प उतरवले गेले तेव्हा याच कलमाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये सरकारच्या विरोधात निकाल दिला होता. त्याहून थेट कलम 2012च्या दुरुस्तीने आले: 65ख. कृतीचे नाव, लेखकाचे नाव, हक्कधारकाचे नाव, वापराच्या अटी या माहितीला कायदा हक्क व्यवस्थापनाची माहिती म्हणतो. अधिकार नसताना ती जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फाइलीच्या डोक्यावरच्या त्या चार ओळींत नेमकी हीच माहिती असते. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण ‘साधी कॉमेंट तर काढली’ असे म्हणणाऱ्याला ही साधी कॉमेंट कायद्याच्या लेखी काय आहे ते ठाऊक असावे.

नाव कृतीला बांधून ठेवण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाही. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिच्या अभंगांत शेवटी तिची नाममुद्रा येते, आणि बहुधा एकटी येत नाही. नामदेवांचे नाव बरोबर घेऊन येते. कुणाची, कुणाच्या घरची, कुणाच्या परंपरेतली, हे सगळे त्या मुद्रेत आले. शतकानुशतके हे अभंग तोंडोतोंडी फिरले, वह्यांतून उतरवले गेले, नामदेव गाथेत जाऊन बसले, तरी जनीचे कोणते ते आपण सांगू शकतो ते या मुद्रेच्या बळावर. आता याच परंपरेतली दुसरी बाजू पाहा. नामदेवांचे म्हणून ओळखले जाणारे नरसी 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. नामदेवांचा काळ 1270 ते 1350. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले आणि त्यांचीही मुद्रा ‘नामा’च. पोथ्या उतरवणाऱ्यांनी दोघांची कवने एकत्र केली आणि अभ्यासकांना ती निवडत बसावे लागले. नाव होते, पण नुसते नाव पुरले नाही. सोबत साल असते, तर एवढा घोळ झालाच नसता. कॉपीराइटच्या ओळीत नावाबरोबर वर्ष का लिहायचे असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना या दोन नाम्यांची गोष्ट सांगतो.

आता कामाकडे वळू. सगळ्यांत जास्त गफलत होते ती आभार आणि सूचना यांत. प्रकल्प अहवालाच्या शेवटी ‘अमुक लायब्ररीच्या निर्मात्यांचे आभार’ असे छापले की आपले कर्तव्य झाले, असे मुलांना वाटते. आभार जरूर माना, पण परवान्याला त्याने भागत नाही. त्याला हवी असते ती मूळ ओळ, मूळ शब्दांत, कोडासोबत. ती मराठीत भाषांतर करूनही चालत नाही. हवे तर भाषांतर शेजारी ठेवा. दुसरी गफलत याच्या उलट दिशेची: मूळ ओळ ठेवली, पण तिच्यातले नाव बदलून आपले घातले. फाइलीत तुम्ही खरोखर भर घातली असेल तर तुमचे नाव आणि वर्ष यायलाच हवे, पण मूळ ओळीच्या खाली, नव्या ओळीवर. काहीच बदलले नसेल तर तुमच्या नावाचे तिथे काम नाही.

प्रत्येक परवान्याचे मागणे थोडे वेगळे असते. जानेवारी 2004 मधला अपाची 2.0 परवान्याची प्रत द्यायला सांगतो, बदललेल्या फाइलीत ‘ही बदलली आहे’ अशी ठळक नोंद मागतो, आणि मूळ प्रकल्पात ‘नोटीस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातला लागू मजकूर पुढे न्यायला लावतो. आरोग्य सेतूचा अँड्रॉइड कोड 26 मे 2020 रोजी सरकारने खुला केला तो याच परवान्याखाली. बीएसडी परवान्याची एक जुनी तऱ्हा होती. जाहिरातीतही बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा उल्लेख करा, असे तिचे कलम होते. बर्कलीचे पाहून इतरांनी आपापली नावे घालून तसेच कलम वापरले, आणि 1997 मध्ये नेटबीएसडी या एका प्रणालीसाठी अशी 75 वाक्ये जाहिरातीत छापावी लागतील अशी पाळी आली. 1999 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ते कलम काढून टाकले. मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते, कारण त्यातून दिसते की परवाने लिहिणारी माणसे अडवणूक करायला बसलेली नाहीत. ओझे जास्त झाले तर ते उतरवतात. राहिलेले मागणे तरी आपण पाळावे.

जीपीएल परवान्याचे प्रकरण पुस्तिकेत सर्वांत मोठे झाले आहे. समजा, मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी तुम्ही पट्टीचे सॉफ्टवेअर केले: आवक, वजन, हमाली, तोलाई, अडत, शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. त्यात पावती छापायला जीपीएल परवान्याची एक लायब्ररी घातली आणि पेन ड्राइव्हवरून दुकानाच्या संगणकावर बसवून दिले. हे वितरण झाले. आता सूचना तशाच ठेवणे हे तर आलेच, शिवाय त्या दुकानदाराला तुमच्या प्रोग्रामचा मूळ कोडही मिळाला पाहिजे, त्याच परवान्याखाली, आणि पुढे तो त्याने कुणाला दिला तर तुम्ही अडवू शकत नाही. तोच प्रोग्राम तुमच्या सर्व्हरवर ठेवून दुकानदाराला फक्त ब्राउझरमधून वापरायला दिला तर जीपीएलच्या हिशेबाने हे वितरण नाही; पण लायब्ररी एजीपीएलची असेल आणि तुम्ही तिच्यात बदल केला असेल, तर तिथेही कोड द्यावा लागतो. क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम जीपीएलखालीच आहे. परभणी जिल्ह्याचाही समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारे साधन आयआयटी मुंबईच्या गटाने त्याच्यावरच बेतले. अशा कामात उतरू पाहणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याने जीपीएल आधी वाचावा आणि मग कोड लिहायला घ्यावा.

इथेच करारनाम्याची गोष्ट येते. गिऱ्हाइकाच्या कागदावर बहुतेक वेळा ‘सॉफ्टवेअरची संपूर्ण मालकी आमची’ असे वाक्य असते आणि आपली मुले बिनघोर सही करतात. तुम्ही स्वतः लिहिले ते तुम्ही लेखी कराराने देऊ शकता. आत घातलेल्या वीस लायब्रऱ्या तुमच्या नाहीत, त्या तुम्ही कशा देणार? करारात एक परिशिष्ट जोडा, त्यात लायब्ररीचे नाव, आवृत्ती आणि परवाना लिहा, आणि हा भाग मालकीतून वगळा. समजावून सांगितले तर दुकानदाराला हे पटते. आडत्याला मालकी आणि हवाला यांतला फरक कुणी शिकवायला नको.

काही ठिकाणी सूचना आपण काढत नाही, आपल्या नकळत गळते. वेबसाइटचा जावास्क्रिप्ट कोड दाबून लहान करणारी साधने सगळ्या कॉमेंट खाऊन टाकतात, त्यात परवानाही जातो. म्हणून जाणते लेखक आपली सूचना तिरकी रेघ, तारा आणि लगेच उद्गारचिन्ह अशी सुरू करतात. ते उद्गारचिन्ह दिसले की अशी बरीच साधने तेवढी कॉमेंट सोडून देतात. तुमच्या साधनाची मांडणी तपासा आणि अंतिम फाइल एकदा उघडून डोळ्यांनी पाहा. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेल्या वीस ओळींना तर मुले कोडच मानत नाहीत. तिथले उत्तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नामनिर्देश आणि समान-वाटप या परवान्याखाली असते, 2 मे 2018 पासूनचे लिखाण त्याच्या 4.0 आवृत्तीखाली. उत्तराचा दुवा आणि लिहिणाऱ्याचे नाव कॉमेंटमध्ये टाकायला अर्धे मिनिट लागते.

फाँटांबद्दल वेगळे लिहिले आहे, कारण मराठीत काम करणाऱ्याला ते टळत नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, रेड हॅटने पुढे आणलेला लोहित, हे देवनागरी फाँट एसआयएल ओपन फाँट लायसन्सखाली मिळतात. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दिवाळी अंक यांत ते बिनधास्त वापरा. छापील कामावर हा परवाना काहीच लादत नाही. फाँटची फाइलच तुमच्या अॅपमध्ये घातलीत तर मात्र कॉपीराइटची ओळ आणि परवाना सोबत जायला हवा. फाँटमध्ये फेरफार केलात आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल, तर तुमच्या फाँटाला ते नाव देता येत नाही.

भाषांतराच्या फाइलींकडे मी विशेष आपुलकीने पाहतो. मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणणाऱ्यांनी बरेच काम पीओ फाइलींत केले. या फाइलीच्या माथ्यावर साचा आयता येतो: वर्ष इथे, पॅकेजचा हक्कधारक इथे, पहिल्या लेखकाचे नाव इथे. कितीतरी फाइलींत तो साचा न भरता तसाच राहिला आहे. वर्षाच्या जागी ‘इअर’ आणि नावाच्या जागी ‘फर्स्ट ऑथर’ हे इंग्रजी शब्दच. हजारो वाक्ये मराठीत करणाऱ्या माणसाने स्वतःचे नाव लिहायला दोन मिनिटे घेतली नाहीत, आणि आज ते काम कुणाचे हे फाइल सांगत नाही. दुसऱ्याची ओळ जपा, असे ही पुस्तिका पानोपानी सांगते. तेवढ्याच जोराने ती म्हणते की स्वतःची ओळ लिहा. देवनागरीत लिहिली तरी चालते. फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवली म्हणजे झाले.

अलीकडे कोड लिहून देणारे एआय मदतनीस आले आहेत आणि त्यांनी दिलेल्या कोडाच्या माथ्यावर कुठलीच ओळ नसते. ज्या लेखकांच्या कोडावर ही साधने शिकली त्यांच्या सूचना वाटेत गळल्या, ही तक्रार घेऊन नोव्हेंबर 2022 मध्ये गिटहब कोपायलटविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोत दावा दाखल झाला. अशा कोडाबाबत माझा सल्ला एवढाच: अशा साधनाने लांबलचक, ठरावीक वळणाचा कोड दिला, तर त्यातली एखादी वेगळी ओळ शोधून पाहा. मूळ सापडले तर तिथूनच घ्या, परवान्यासकट.

हे सगळे शेवटच्या आठवड्यात करायला बसलात तर होणार नाही. साठ लायब्रऱ्या कुठून आल्या हे तेव्हा कुणाला आठवणार? फाइल ज्या दिवशी घेतली त्याच दिवशी प्रकल्पात ‘लायसन्सेस’ नावाचा फोल्डर करून तिचा परवाना त्यात ठेवा, आणि स्वतःच्या प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्सची लहान खूण लिहा. परवान्याचे आखूड नाव एका ठरलेल्या पद्धतीने लिहायची ही रीत आहे. लिनक्सच्या गाभ्यात ती 2017 पासून वापरात आली, आणि 2021 मध्ये तिला आयएसओचे मानक मिळाले. माणसालाही कळते आणि तपासणाऱ्या यंत्रालाही.

पहिले प्रकरण एमआयटीचे आहे, कारण तो सर्वांत लहान आणि तुमच्या प्रकल्पात तो आधीपासून असण्याची शक्यता सर्वांत जास्त. वाचताना स्वतःचा एखादा जुना प्रकल्प संगणकावर उघडून ठेवा आणि त्यात घेतलेल्या फाइलींचे माथे एकेक करून पाहत जा. जिथे ओळी खोडल्या गेल्या असतील तिथे मूळ प्रकल्पाच्या पानावर जाऊन त्या परत आणता येतात. कसे, ते पान नऊवर दिले आहे.